आधी मिस्टरांचा अंगठा, मग तुमचं नख

प्रश्न : माझं वय 52. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख गेली तीनेक वर्षं पिवळं पडलंय, जाड झालंय, टोकाकडून भुगा पडतो. आता शेजारच्या बोटाचं नखही तसंच दिसायला लागलंय. दुखत मात्र अजिबात नाही. व्हिनेगरमध्ये पाय बुडवून झाले, लसूण चोळून झाला, औषधांच्या दुकानातून आणलेलं मलम झालं. मैत्रिणीकडे उरलेल्या बुरशीच्या गोळ्या आठ-दहा दिवस घेतल्या, पण त्यांनी लिव्हर खराब होतं असं कोणीतरी सांगितलं म्हणून सोडून दिल्या. एवढ्याशा नखासाठी डॉक्टरकडे जायचं का? घरातल्या इतरांना लागण होईल का? पुढच्या महिन्यात घरात कार्यक्रम आहे, नेलपॉलिश लावली तर चालेल का? जाता जाता, आमच्या मिस्टरांचंही अंगठ्याचं नख कोपऱ्यात रुतलंय. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. परवा त्यांनी स्वतःच ब्लेडने कोपरा कापला. आता तिथे लाल झालंय, थोडं पाणीही येतं. पण त्यांना दुखत नाही, त्यामुळे काळजी नाही.

उत्तर :

ताई,

स्वतःच्या नखाबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंत आणि मिस्टरांच्या अंगठ्याची गोष्ट 'जाता जाता' उरकलीत. मी उलटीकडून सुरुवात करते. तुमचं नख तीन वर्षं असंच आहे, आणखी महिनाभर राहिलं तरी काही बिघडत नाही. त्यांचा अंगठा मात्र उद्यावर टाकू नका. हे वाचून झालं की त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा, सुट्टीचा दिवस असला तरी.

'दुखत नाही, त्यामुळे काळजी नाही' हे वाक्य वाचूनच माझी काळजी वाढली. ब्लेड लागलेल्या, लाल झालेल्या, पाणी येणाऱ्या अंगठ्याला ठणका लागायलाच हवा. रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा व्हायला हवा. तो होत नसेल, तर पायाच्या नसांची जाणीव कमी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. शुगर जुनी असली की हे हळूहळू होतं आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. अशा पायाला बूट चावतो, खडा रुततो, गरम फरशीचा चटका बसतो, आणि कळतं ते मोज्याला डाग दिसल्यावर. त्यात पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असला तर जखम भरत नाही आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय नखाखाली मांसाचा थर असा फारसा नसतोच, नखाची गादी जवळजवळ थेट हाडावर बसलेली असते. कोपऱ्यात साचलेला पू तिथून हाडापर्यंत पोचला की मग महिनोन्महिने औषधं चालतात, आणि काही वेळा बोट काढावं लागतं.

डॉक्टर काय करतील तेही सांगून ठेवते, कारण 'नख तर आहे' म्हणणारे लोक दवाखान्याच्या पायरीवर फार अडून बसतात. आधी पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवून नाडी लागते का ते बघतात. मग नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात. तो वाकेपर्यंत दाबला की नेमका 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाने 'आता लागला' असं सांगायचं असतं. दोन-तीन ठिकाणी धागा टेकून उचलला तरी तो गप्पच बसलेला असतो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा होतो. मिस्टरांसोबत तुम्ही आत जा. घरी परतल्यावर 'मला सगळं कळत होतं' असं ते म्हणणार, त्यावर तुम्ही साक्षीदार हव्यात.

गरज वाटली तर बोटाचा एक्स-रे काढतील, रक्तातली साखर बघतील, आणि मग कोपऱ्याकडे वळतील. घरी ब्लेडने कोपरा कापताना होतं काय, की वरचा दिसणारा भाग निघतो आणि खोल आत, हात पोचत नाही तिथे, एक टोकदार काडी राहून जाते. दोन दिवस बरं वाटतं. नख पुढे वाढलं की तीच काडी मांसात घुसते. ती आत असेपर्यंत अँटिबायोटिकने तेवढ्यापुरता उतार पडतो आणि कोर्स संपला की पुन्हा पहिले पाढे. खरा इलाज म्हणजे अंगठा बधिर करून नखाची ती कडेची पट्टी काढणं. वारंवार रुतत असेल तर त्या पट्टीच्या मुळाशी फिनॉल नावाचं रसायन लावतात, म्हणजे तेवढा भाग पुन्हा उगवत नाही. शुगरच्या माणसात मात्र हे रक्तपुरवठा नीट आहे याची खात्री करूनच करतात. म्हणूनही हे काम ब्लेडचं नाही आणि पेडिक्युअरवाल्यांचंही नाही.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत साध्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा, हलक्या हाताने कोरडी करा, वर निर्जंतुक गॉज ठेवून सैल पट्टी बांधा. घट्ट बूट बंद, अनवाणी चालणं बंद. गरम पाण्यात पाय बुडवून बसणं हा घरोघरीचा उपाय शुगरच्या पायाला करू नका. पाणी किती गरम आहे ते त्या पायाला कळत नाही, आणि भाजलेलंही कळत नाही. कुरुपावर लावायच्या पट्ट्यांमध्ये कातडी जाळणारं आम्ल असतं, त्याही इथे नकोत.

आणि एक बॉलपेन घ्या. लाली जिथे संपते त्या कडेने कातडीवर रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. कांती सावळी असेल तर लाली लालच दिसेल असं नाही, ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. मग हाताची मागची बाजू टेकवून बघा, गरमपणा कुठपर्यंत जाणवतो ते. ही रेघ डॉक्टरांच्या फार उपयोगाची. लाली जखमेच्या कडेपासून 2 सेंटिमीटरहून जास्त पसरली, रेघ ओलांडून पुढे सरकली, पावलावर किंवा नडगीकडे लाल रेषा चढताना दिसल्या, ताप किंवा थंडी वाजून आली, अंगठा काळा-निळा पडला, घाण वास यायला लागला, किंवा काही कारण नसताना शुगर एकदम चढली, तर नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळायची वाट बघू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ज्यांना शुगर नाही, पायाचा रक्तप्रवाह चांगला आहे आणि नखाच्या कडेला नुकतंच नखुरडं झालंय, त्यांना एवढी धावपळ नको. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि नंतर पूर्ण कोरडा करायचा. दोन-तीन दिवसांत सूज उतरायला हवी. पू साठून पिवळा फुगा दिसायला लागला, ठसठस वाढली, किंवा कडेला लालभडक, हात लावला की रक्त येणारं मांस वाढलं, तर दवाखाना. सुई तापवून फुगा फोडायचा मोह अनेकांना होतो. करू नका. आणि नख कापताना कोपरे गोल खोदत आत जायची सवय सोडा. सरळ कापा, कोपरा बोटाच्या कातडीबाहेर राहू द्या.

आता तुमचं नख.

पिवळं, जाड, भुगा पडणारं नख दिसलं की सगळे बुरशी म्हणून मोकळे होतात. दुकानदार होतो, मैत्रीण होते, घाईत असला तर डॉक्टरही होतो. पण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत कुणाचे बूट वर्षानुवर्षं अंगठ्यावर दाबत असतात, कुणाला सोरायसिस हा कातडीचा आजार असतो, कुणाचं नख वयोमानाने जाड झालेलं असतं. सोरायसिस असेल तर नखावर, विशेषतः हाताच्या, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. कोपर, गुडघे, केसांखालची कातडी यांवरही खपल्या असू शकतात. अशा नखावर बुरशीचं औषध वर्षभर ओतलंत तरी ते ढिम्म हलणार नाही.

तुमच्या वर्णनावरून बुरशीचा संशय पक्का आहे, हे मान्य. सुरुवात टोकाकडून, खाली भुगा, आणि मग शेजारचं नख. एक गोष्ट घरीच बघा. चांगल्या उजेडात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी उघडून बघा. कातडी पांढरी, ओलसर, सोलवटलेली आहे का? तळव्याच्या आणि टाचेच्या कडेने कोरडी, पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी साल सुटते का? बेचकीतल्या त्या प्रकाराला आपण चिखल्या म्हणतो आणि पाणी लागलं म्हणून सोडून देतो. तळव्याच्या सालीला तर कुणी काही म्हणतच नाही, भेगांचं क्रीम चोळतात. पुष्कळदा दोन्हींत बुरशीच असते, आणि नखाखाली ती बहुधा तिथूनच शिरलेली असते. तिचं नाव ट्रायकोफायटन रुब्रम. अंगावर नायटा उठवणाऱ्या बुरशींपैकी ही एक. कातडीवरची बुरशी तशीच ठेवून नुसत्या नखावर उपचार केले, तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा येरे माझ्या मागल्या.

तरीही तपासणी करून घ्या, कारण पुढचे उपचार कित्येक महिन्यांचे आहेत आणि अंदाजावर एवढा काळ औषध घेण्यात अर्थ नाही. तपासणी अगदी साधी आहे. नखाचा सुटा झालेला भाग कापतात आणि त्याखालचा भुगा, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन, खरवडून घेतात. टोकावरचा भुगा बहुतेक मेलेला माल असतो, जिवंत बुरशी मागे, निरोगी नखाच्या हद्दीजवळ असते. तो भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून मायक्रोस्कोपखाली बघितला की बुरशीचे धागे दिसतात. हे त्याच दिवशी होऊ शकतं. कल्चर लावलं, म्हणजे भुग्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघितली, तर उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतात. कापलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवून पीएएस नावाच्या रंगाने रंगवूनही बघतात आणि ती तपासणी चांगलीच भरवशाची आहे. एकदा 'बुरशी नाही' असं आलं तरी संशय दाट असेल तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो, त्यामुळे डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बोलावलं तर वैतागू नका. जाताना नखावर कसलाही रंग नको. मलम चालू असेल तर ते किती आठवडे आधी थांबवायचं, हे फोनवर विचारून घ्या. मैत्रिणीच्या गोळ्यांची गोष्टही लपवू नका.

तुमचं दुकानातलं मलम का चाललं नाही, ते उघड आहे. साधं बुरशीचं मलम कातडीत मुरतं, नखाच्या जाड पत्र्यातून खाली उतरत नाही. बेचकीतल्या चिखल्यांना मात्र तेच बरं. त्यातही ट्यूबवरची नावं वाचा. बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड घातलेली मलमं मिळतात. त्यांनी खाज लगेच थांबते, म्हणून लोकांना ती आवडतात. बुरशी मात्र खालून आरामात पसरत राहते आणि नंतर तिचं रूपच असं बदलतं की ओळखू येत नाही. दुकानदाराकडे 'खाजेवर काहीतरी द्या' म्हणून मागितलं की बरेचदा हेच हातात पडतं.

नखासाठी लावायचं औषध वेगळं असतं, नेलपॉलिशसारखं. अमोरॉल्फिन 5 टक्के आठवड्यातून एक-दोनदा, सायक्लोपिरॉक्स 8 टक्के रोज. आधी नखाचा जाड थर कानशीने घासायचा, पुसायचा, मग लावायचं. पायाच्या नखाला हे नऊ महिने ते वर्षभर चालतं. नख अर्ध्याहून कमी बिघडलेलं असेल, मूळ शाबूत असेल आणि एक-दोनच नखं असतील, तर हा मार्ग बरा. पण स्पष्टच सांगते, नुसत्या लेपाने नख पूर्ण स्वच्छ होणाऱ्यांची संख्या थोडी असते. सायक्लोपिरॉक्सच्या चाचण्यांत ती 10 टक्क्यांच्याही खाली होती. नख फारच जाड असेल तर 40 टक्के यूरिया असलेलं मलम लावून ते आधी मऊ करून घेतात. बिघडलेल्या नखाची कानस आणि नेलकटर वेगळे ठेवा, चांगल्या नखांना लावू नका.

गोळ्यांचा गुण यापेक्षा बराच जास्त. बहुतेक डॉक्टर टर्बिनाफिन देतात. रोज 250 मिलिग्रॅम, पायाच्या नखांना 12 आठवडे. चाचण्यांमध्ये साधारण 70 टक्के लोकांच्या नखातली बुरशी याने गेली. म्हणजे तुम्ही घेतलेल्या आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी काही झालं नाही, यात नवल काहीच नाही.

आणि लिव्हर. ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. पूर्वी केटोकोनाझोल नावाची गोळी नखासाठी आणि नायट्यासाठी सर्रास दिली जायची. तिने काही रुग्णांच्या लिव्हरला गंभीर इजा झाली, आणि 2013मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ती गोळी नखांच्या आणि कातडीच्या बुरशीला वापरू नका असं सांगितलं. युरोपच्या नियामकांनीही त्याच वर्षी तिची विक्री थांबवण्याची शिफारस केली. बदनामी मात्र बुरशीच्या सगळ्याच गोळ्यांच्या वाट्याला आली. टर्बिनाफिननेही लिव्हरला इजा होऊ शकते, पण ती फार विरळा. अंदाज आहे तो 50,000 ते 1,20,000 प्रिस्क्रिप्शनमागे एक असा. झालीच तर बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत होते. म्हणून सुरू करण्याआधी लिव्हरची रक्त तपासणी करून घ्यायची आणि मध्ये डोळे उघडे ठेवायचे. भूक मरणं, सतत मळमळ, लघवी गडद होणं, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांना गाठायचं. तोंडाची चव जाणं हा आणखी एक त्रास, काहींना होतो. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती बहुतेकांची परत येते.

तुमच्या मैत्रिणीच्या गोळीत अडचण वेगळीच आहे. ती कुठली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हालाही माहीत नसावं. बुरशीची दुसरी एक गोळी इट्राकोनाझोल, हृदय कमकुवत असलेल्या माणसाला नखासाठी ती द्यायचीच नसते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं वाकडं आहे. टर्बिनाफिनचं नैराश्याच्या आणि हृदयाच्या काही औषधांशी जमत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नखाच्या बुरशीसाठी गोळ्या पुढे ढकलाव्यात, घाई काही नसते. तुम्ही रोज घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, अगदी ताकदीच्या म्हणून घेत असाल त्यांचीही.

औषध सुरू झाल्यावर एक चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. महिन्याभराने नख बघतो, ते होतं तसंच पिवळं दिसतं, आणि मग औषध बंद. बिघडलेलं नख कधीच दुरुस्त होत नसतं. ते पुढे सरकत जातं, कापलं जातं, आणि मागून नवं येतं. अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष. गोळ्यांचे 12 आठवडे संपतील त्या दिवशी तुम्हाला मुळाशी जेमतेम चार-पाच मिलिमीटर स्वच्छ नख दिसेल, आणि तेवढं दिसणं म्हणजे काम फत्ते. औषध नखात पुढेही काही महिने टिकून राहतं. खात्री हवी असेल तर पहिल्या दिवशी, पिवळं जिथे संपतं आणि चांगलं नख सुरू होतं, त्या हद्दीवर कानशीने एक बारीकशी खाच पाडा. दर महिन्याला फोटो काढा. खाच पुढे सरकत गेली आणि पिवळेपणा तिच्या मागे आला नाही, तर बरोबर चाललंय. पिवळेपणा खाच ओलांडून मागे आला, तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक, बुरशी मेली तरी नखाचा आकार पहिल्यासारखा होईलच असं नाही. बुटाने वर्षानुवर्षं मार खाल्लेलं नख थोडं जाडसर राहतंच.

काहीच उपचार केले नाहीत तर? दुखत नाही, शुगर नाही, दिसण्याचं काही वाटत नाही, अशा माणसाने नख कापून-घासून पातळ ठेवलं आणि चिखल्यांवर मलम लावत राहिलं, तरी मी त्याच्या मागे लागत नाही. हा निर्णय पूर्णपणे शहाण्यासारखा असू शकतो. तुमच्या बाबतीत मात्र मी उपचाराच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण मिस्टर आहेत. ही बुरशी घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ओल्या बाथरूमच्या फरशीवरून, एकमेकांच्या चपलांमधून, एकाच टॉवेलमधून. तुमच्यासाठी जाड नख म्हणजे नुसता ताप. त्यांच्या बधिर बोटावर तेच जाड नख बुटात दाबलं गेलं की खाली जखम होते आणि आठवडाभर कळत नाही. तेव्हा पाय पुसायचे टॉवेल आणि नेलकटर आजपासून वेगळे. मोजे रोज बदला आणि कापड सोसत असेल तर 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा, म्हणजे आतला ओलावा पूर्ण वाळेल. तुमचे तीन वर्षांपूर्वीचे जुने बूट अजून कपाटात असतील तर ते आता जाऊ द्या.

व्हिनेगर आणि लसूण यांचं काय करायचं, तर लसूण ताबडतोब थांबवा. कच्चा लसूण चोळून कातडी भाजलेले पाय डॉक्टरांना बघावे लागतात. व्हिनेगरने सहसा नुकसान होत नाही, पण ते नखाखालच्या बुरशीपर्यंत पोचत नाही, तेव्हा तो वेळ पाय कोरडे करण्यात घालवा. लेझरच्या जाहिराती दिसतील. त्याने नख काही काळ जरा स्वच्छ दिसू शकतं, बुरशी मुळासकट जाईल याची खात्री नाही. आधी पारखलेले उपाय करून झाले की मग त्याचा विचार.

नखाचा रंग पिवळा नसून काळा असेल तर पुढचं लक्ष देऊन वाचा. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं तर तो डाग नख वाढेल तसा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येतं. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी काळी रेषा उमटली, ती रुंद होत चालली, किंवा तिचा रंग मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर आठवड्याच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण तो मेलॅनोमा नावाचा कर्करोग असू शकतो. गायक बॉब मार्लीच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला होता. सुरुवातीला फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजून तो मागे पडला, 1977मध्ये निदान झालं आणि 1981मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, तो गेला. असं फार क्वचित होतं. पण काळ्या नखावर रंग लावून ते झाकून ठेवायचं नाही, एवढं त्यावरून घ्या.

राहिली कार्यक्रमाची नेलपॉलिश. नमुना देऊन झाला असेल आणि औषधी लेप अजून सुरू व्हायचा असेल, तर त्या संध्याकाळी खुशाल लावा. दुसऱ्या दिवशी काढून टाका, आणि ती बाटली घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका, ब्रश तुमच्या नखाला लागलेला असतो. गोळ्या चालू असतील तरी एका दिवसाच्या रंगाने काही अडत नाही. लेप सुरू झाला असेल तर मात्र त्या दोन नखांवर रंग नको, वरून थर बसला तर औषध नीट काम करत नाही. पुढून बंद असलेल्या सँडल घाला, पण अंगठ्याला पुढे हलायला जागा असू द्या.